लाठीचा हिशोब

तेल्हाऱ्याहून मुंबईला मोर्चा न्यायचा म्हणजे कापूस वेचणीचा सगळा पैसा वाटखर्चातच जायचा. नागपूर त्या मानाने परवडतं. तेल्हाऱ्याला रेल्वे नाही. आधी अकोला गाठायचं, तिथून पुढे अडीचशे किलोमीटर. पण हिवाळा लागला की चावडीवर कुणीतरी म्हणतंच, "सरकार नागपूरले आलं म्हन्ते." मग ट्रक, टेम्पो ठरतात, भाकऱ्यांची गाठोडी बांधली जातात, निवेदनाच्या प्रती काढल्या जातात. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात विदर्भाला जी आश्वासनं दिली गेली, त्यातली किती पाळली यावर आमच्याकडे रात्रभर भांडता येईल. एक मात्र थोडेफार अपवाद सोडता पाळलं गेलं. वर्षातलं एक अधिवेशन नागपुरात भरतं. त्या दिवसांत सरकार हाताच्या अंतरावर येतं, आणि वर्षभर ज्यांचं कुणी ऐकलेलं नसतं ते सगळे एकदम तिकडे निघतात.

वऱ्हाडाला पोलिसांचा मार नवा नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये अमरावती जिल्ह्यात यावलीला आणि बेनोड्याला गोळ्या चालल्या. कृषी विद्यापीठ विदर्भाला, अकोल्यालाच हवं म्हणून १९६७ साली रान पेटलं, तेव्हा अकोल्यात गोळीबार झाला. विद्यापीठ आलं ते १९६९ मध्ये. गोळीने गेलेल्यांची नावं राहतात. स्मारकं होतात, पुण्यतिथ्या होतात, पुढारी हार घालतात. लाठीने, किंवा लाठीमुळे, गेलेल्यांचं तसं सहसा होत नाही. गेल्या पन्नास वर्षांत विदर्भात पोलीस बंदोबस्तात एका संध्याकाळी सर्वांत जास्त माणसं मेली, तेव्हा एकही गोळी सुटलेली नव्हती. ती संध्याकाळ २३ नोव्हेंबर १९९४ ची. गाव नागपूर, माणसं गोवारी.

गोवारी म्हणजे गुरं राखणारा समाज. विदर्भातल्या कित्येक गावांत गावच्या गाई सकाळी गोळा करून रानात नेणारा आणि संध्याकाळी ज्याच्या त्याच्या दाराशी आणून सोडणारा माणूस याच समाजाचा. दिवाळीच्या पाडव्याला गायगोधन, म्हणजे गाईंची पूजा, होतं, त्या दिवशी त्याचा मान असतो. बाकीचं वर्ष मजुरीचं. जमीन फारशी कुणाकडे नाही. गोवाऱ्यांचं म्हणणं साधं होतं: आम्ही आदिवासी आहोत, आम्हाला अनुसूचित जमातीच्या सवलती द्या. अनुसूचीत नोंद होती 'गोंड गोवारी' अशी. सरकार म्हणे, ती जमात वेगळी, तुम्ही वेगळे. २४ एप्रिल १९८५ च्या शासन निर्णयाने तो फरक कागदावर पक्का केला आणि दाखले मिळणं अवघड झालं. दाखला नाही म्हणजे वसतिगृह नाही, शिष्यवृत्ती नाही, नोकरीत जागा नाही. गुराख्याच्या पोराने गुराखीच राहायचं.

म्हणून मोर्चा निघाला. त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच होऊन गेली होती. पाडव्याला गायगोधन करून तीन आठवडे उलटले नाहीत तोच ही माणसं नागपूरच्या रस्त्यावर बसली होती. वृत्तांतांमधला आकडा चाळीस-पन्नास हजारांचा आहे. बायका फार होत्या, कडेवरची मुलं होती. कापूस वेचणीचे दिवस; एक दिवस मोर्चाला द्यायचा म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडवायची, आणि ती बहुतांशी बाईची. मूल घरी ठेवायचं तर सांभाळायला कोण? तेव्हा घरचे सगळेच आले.

मोर्चा विधान भवनापर्यंत जाऊ देत नाहीत. तो अलीकडेच अडवतात. त्या जागेला नागपुरात मोर्चा पॉइंट म्हणतात. गोवाऱ्यांचा मोर्चा मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटपाशी अडवला. ठरलेला रिवाज असा की तिथे भाषणं होतात, शिष्टमंडळ आत जातं किंवा एखादा मंत्री बाहेर येतो, निवेदन घेतो, चार गोड शब्द बोलतो आणि लोक गाड्यांकडे वळतात. मंत्र्याने येणं हा शिष्टाचाराचा भाग वाटतो, पण त्यावर सगळ्या बंदोबस्ताची मदार असते. माणूस अपमान गिळतो, दिवसभर उन्हात बसतो, ते शेवटी कुणीतरी येऊन ऐकेल म्हणून. त्या दिवशी कुणी आलं नाही. दुपार गेली, अंधार पडू लागला. नंतर सांगितल्या गेलेल्या हकिकतींमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते: लाल दिव्याची गाडी दिसली, मंत्री आला असं वाटून लोक उठले आणि पुढे सरकले. पोलिसांना तो बॅरिकेडवरचा हल्ला वाटला. लाठ्या चालल्या.

चेंगराचेंगरीत माणूस पायाखाली तुडवला जाऊन मरतो, अशी आपली समजूत असते. पुष्कळदा तसं नसतं. दाट गर्दीत माणूस उभ्या उभ्या मरतो. चारी बाजूंनी अंगं रेटली जातात, छाती दबते, श्वास घ्यायला फासळ्यांना फुगायला जागा उरत नाही. काही मिनिटांत शुद्ध हरपते. ओरडायलाही श्वास लागतो, म्हणून जिथे खरोखर जीव जातो तिथे आवाज कमी असतो आणि बाहेरच्या शिपायाला काही कळत नाही. त्यात लाठीचा स्वभाव पाहा. लाठी पडते पहिल्या रांगेवर. पहिली रांग मागे वळते. मागच्यांना पुढे काय झालं ते दिसत नसतं. ते मंत्री बघायला पुढेच येत असतात. दोन लोंढे मध्ये आदळतात. आणि मध्ये कोण असतं? ज्यांना पटकन उठता येत नाही ते. मांडीवर पोर घेऊन बसलेली बाई, लुगड्याचा काष्टा सावरत उठणारी म्हातारी, आईचा हात सुटलेलं मूल. बाजूला कुंपण, समोर बॅरिकेड. नागपुरात मेलेल्यांत बायका आणि मुलंच जास्त होती. त्यांनी काही दगड उचललेले नव्हते, त्यांना उठायला उशीर झाला होता.

११४ माणसं मेली. शेकडो जखमी झाली.

जमाव पांगवायचा तर त्याला पांगायला वाट ठेवावी, हे पोलिसांच्या कवायतीतलं बाळबोध शिक्षण आहे. तीन बाजू बंद आणि चौथीला आणखी हजारो माणसं, अशा ठिकाणी लाठीमार करून जमाव जाणार कुठे? हा प्रश्न त्या संध्याकाळी कुणी कुणाला विचारला का, आणि लाठ्या उगारा असं नेमकं कोण म्हणालं? कुणी म्हणालं की एकाने उगारली म्हणून दुसऱ्याने उगारली?

तेल्हाऱ्यात तहसीलवर मोर्चा गेला की फाटकाशी ठाणेदार उभा असतो. वऱ्हाडात निरीक्षकाला अजूनही ठाणेदारच म्हणतात. समोरचे निम्मे चेहरे त्याच्या ओळखीचे. कोण नुसता बोलघेवडा आहे, कोण खरंच काचा फोडेल, कुणाच्या काकाला फोन केला की शांत होईल, हे त्याला पाठ असतं. तो तहसीलदाराला हळूच सांगतो, साहेब, पाच मिनिटं बाहेर या, निवेदन घ्या. बळ कधी वापरायचं आणि कधी नाही याचा जो अधिकार कायद्याने पोलिसाला दिला आहे, तो गावात ओळखीपाळखीवर चालतो. त्यात पक्षपात असतो, जात असते, हप्तेही असतात. मी त्याचे गोडवे गाणार नाही. पण उद्या हेच चेहरे बाजारात भेटणार आहेत, एवढी भीड त्याला असते. अधिवेशनाच्या बंदोबस्ताला ही भीड नसते. त्यासाठी बाहेरच्या जिल्ह्यांतून कुमक मागवतात. समोरची गर्दी अनोळखी, शेजारचा शिपाई वेगळ्या जिल्ह्याचा, हुकूम देणारा साहेब पहिल्यांदाच पाहिलेला. शिपाईही सकाळपासून उपाशीतापाशी उभा असतो, आणि तोही बहुधा कुठल्या तरी शेतकऱ्या-मजुराचाच पोरगा असतो. त्याला दिलेलं काम एवढंच की बॅरिकेड ओलांडू द्यायचं नाही. मंत्री का आला नाही, हे ठरवणारा माणूस त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर दिव्याखाली बसलेला असतो.

पुढचं राजकारण पटापट घडलं. आदिवासी विकास मंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला. मुख्यमंत्री शरद पवार होते. तीन-चार महिन्यांत विधानसभेची निवडणूक झाली, काँग्रेसचं सरकार गेलं आणि मार्च १९९५ मध्ये मनोहर जोशींचं युती सरकार आलं. पराभवाला कारणं पुष्कळ होती, सगळं गोवारींच्या खात्यावर टाकण्यात अर्थ नाही. जून १९९५ मध्ये नव्या सरकारने गोवारी आणि आणखी काही जातींसाठी विशेष मागास प्रवर्ग काढून दोन टक्के आरक्षण दिलं. मागितली होती अनुसूचित जमात. मिळालं ते वेगळंच.

आणि चौकशी आयोग नेमला गेला. न्यायमूर्ती दाणी यांचा. या आयोगाने कुणालाही दोषी धरलं नाही.

इथे थोडं थांबायला हवं, कारण आपल्याकडे आयोग म्हटलं की लोक एकतर हसतात नाहीतर शिव्या देतात, आणि दोन्हींत खरा मुद्दा निसटतो. १९५२ च्या चौकशी आयोग कायद्यानुसार नेमलेला आयोग कुणालाही शिक्षा देऊ शकत नाही. तो सरकारला अहवाल देतो. सरकारने तो सहा महिन्यांत सभागृहापुढे ठेवायचा, सोबत काय कारवाई केली त्याचं टिपण जोडायचं, इतकंच बंधन. म्हणजे ज्याच्या कारभाराची चौकशी तोच चौकशीचा विषय ठरवतो आणि तोच निकालाचं काय करायचं ते ठरवतो. पण दाणी आयोगाची गोष्ट त्याहून अवघड आहे. तिथे मुळात धरायचं काय हाच प्रश्न होता. माणसं गुदमरून मेली. कुठल्या शिपायाच्या कुठल्या फटक्याने कोण मेलं हे कोण सांगणार? प्रत्येक जण आपापल्या परीने थोडंसं चुकला असेल: कुणी मंत्र्याला निरोप दिला नाही, कुणी बॅरिकेड चुकीच्या जागी लावलं, कुणी मागून येणारे लोंढे थोपवले नाहीत, कुणी घाबरून लाठी उगारली. प्रत्येकाची चूक एवढीशी. बेरीज ११४.

याच्या शेजारी तीनच वर्षांनी घडलेलं दुसरं प्रकरण ठेवून पाहावं. ११ जुलै १९९७, मुंबईत घाटकोपरची माता रमाबाई आंबेडकर नगर वस्ती. सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या गळ्यात चपलांची माळ दिसली, लोक महामार्गावर आले, राज्य राखीव पोलीस दलाची तुकडी आली आणि तिने गोळीबार केला. दहा माणसं मेली. त्याने व्यथित होऊन चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. तुकडीचा प्रमुख उपनिरीक्षक मनोहर कदम याचं म्हणणं होतं की जमाव गॅसचे टँकर पेटवायला निघाला होता. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने ते मानलं नाही, गोळीबार असमर्थनीय ठरवला. खटला उभा राहायला वर्षं लागली, पण उभा राहिला, आणि मे २००९ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने कदमला सदोष मनुष्यवधासाठी जन्मठेप दिली. काही दिवसांतच उच्च न्यायालयाने जामीन दिला. न्याय झाला असं म्हणायला जीभ धजत नाही. तरी एक नाव पुढे आलं, एका माणसाला उत्तर द्यावं लागलं.

नागपुरात का नाही? माझ्या मते याचं कारण हत्यारात आहे. बंदुकीला हिशोब असतो. कुणाला कोणतं हत्यार दिलं, किती काडतुसं दिली, किती परत आली, याची नोंद होते. झाडलेल्या गोळीची रिकामी पुंगळी शोधून जमा करावी लागते. गोळी ज्याला लागली त्याच्या अंगात तिचा पुरावा राहतो. छातीत लागली की पाठीत, हे डॉक्टर लिहितो. गोळी झाडण्याचा हुकूम कुणीतरी द्यावा लागतो, आणि 'कोणी दिला' हा प्रश्न दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येतोच. लाठीला यातलं काही नाही. ती कुणाच्या हातात होती, किती वेळा उचलली, डोक्यावर पडली की पायावर, कुणी सुरू केली आणि कुणी थांबवली, याची वही नाही. संध्याकाळी नियंत्रण कक्षाला जाणाऱ्या निरोपात 'सौम्य' हे विशेषण लावलं की काम संपतं. राज्याच्या हातातलं सर्वांत जास्त वापरलं जाणारं हत्यार हेच सर्वांत कमी नोंदलं जाणारं हत्यार आहे.

कायद्यातही ही सैल जागा पहिल्यापासून आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२९ ने दंडाधिकाऱ्याला किंवा ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला, आणि तो नसेल तर उपनिरीक्षक दर्जापर्यंतच्या अधिकाऱ्याला, बेकायदा जमाव बळाने पांगवण्याची मुभा दिली. किती बळाने, ते तिथे लिहिलेलं नव्हतं. पुढच्याच कलमात, लष्कराला बोलावल्यावर मात्र, कमीत कमी बळ वापरावं आणि जीविताची, मालमत्तेची कमीत कमी हानी करावी असं शब्दांत लिहिलं होतं. म्हणजे सैनिकाला जे बजावून सांगितलं, ते पोलिसाच्या कलमात गृहीत धरलं. पोलीस नियमावल्यांत ते येतं, न्यायालयांनीही वारंवार सांगितलं, पण टी-पॉइंटवर उभ्या शिपायापर्यंत त्यातलं काय पोचतं? मग कलम १३२ यायचं: सद्भावनेने केलेल्या कृत्याबद्दल गुन्हा नाही आणि सरकारच्या मंजुरीशिवाय खटला नाही. पोलिसाला असं संरक्षण अजिबात नको, असं मी म्हणणार नाही. दंगलीत उभा राहणारा माणूस प्रत्येक फटक्यासाठी कोर्टात खेचला गेला तर उद्या कुणी उभं राहणार नाही. पण मंजुरी देणारं सरकार हेच ज्याच्या गैरहजेरीमुळे सगळं घडलं ते सरकार असेल, तर ही मंजुरी मागायची कुणी?

सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ ला प्रकाश सिंग खटल्यात राज्यांना स्वतंत्र पोलीस तक्रार प्राधिकरणं नेमायला सांगितलं. महाराष्ट्राने त्यासाठी कायद्यात दुरुस्ती केली ती २०१४ मध्ये. तेल्हाऱ्यातला एखादा मार खाल्लेला माणूस तक्रार घेऊन तिथपर्यंत पोचेल, याची कल्पना करून पाहावी.

इंग्लंडमध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर १५ एप्रिल १९८९ ला फुटबॉलच्या सामन्यात अशीच माणसं कुंपणाला दाबली जाऊन मेली. आज ती संख्या ९७ धरतात. तिथेही पोलिसांनी आधी गर्दीलाच दोष दिला, दारू पिऊन आले होते म्हणून. पण न्यायमूर्ती टेलर यांच्या चौकशीने वर्षभरात सांगितलं की मुख्य कारण पोलिसांचं नियंत्रण सुटणं हे होतं. मृतांची घरं तेवढ्यावर थांबली नाहीत. २०१२ मध्ये स्वतंत्र समितीने पोलिसांचे मूळ जबाब बाहेर काढले, ते बदलले गेले होते हे दाखवलं. २०१६ मध्ये ज्यूरीने मृत्यू बेकायदा ठरवले. बंदोबस्ताच्या प्रमुखावर खटला चालला आणि २०१९ मध्ये तो निर्दोष सुटला. पोलिसांपैकी कुणाला शिक्षा तिथेही झाली नाही. तरी कोणतं फाटक कुणाच्या हुकमाने उघडलं, आतला बोगदा कुणी बंद करायला हवा होता, हे मिनिटामिनिटाने लिहिलं गेलं आहे आणि आता ते कुणाला पुसता येणार नाही. आमच्याकडे २३ नोव्हेंबरच्या संध्याकाळची अशी मिनिटामिनिटाची वही हवी होती. दोषी कोण, हे नंतर ठरलं असतं. आधी कुणी, कधी, काय ठरवलं ते लिहून ठेवायला हवं होतं.

गोवारींचा मूळ प्रश्न कोर्टात गेला. १४ ऑगस्ट २०१८ ला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने निकाल दिला की गोंड गोवारी नावाची वेगळी जमात १९११ च्या आधीच नामशेष झालेली होती, तेव्हा अनुसूचीतली नोंद गोवारींचीच. गावोगाव गुलाल उधळला गेला, दाखले निघू लागले. १८ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला: अनुसूचीत जे लिहिलं आहे त्याच्या पलीकडे जाऊन चौकशी करण्याचा अधिकार न्यायालयांना नाही. मधल्या काळात ज्यांना प्रवेश आणि नोकऱ्या मिळाल्या, त्यांना संरक्षण मिळालं. बाकीच्यांसाठी गोष्ट १९९४ च्या जागेवर परत आली.

नागपुरात झिरो माइलजवळ शहिदांचं स्मारक आहे, आणि सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहीद असं नाव दिलेलं आहे. दर २३ नोव्हेंबरला समाजाची माणसं स्मारकावर येतात. दर हिवाळ्यात अधिवेशन भरतं, मोर्चे निघतात, बॅरिकेडं लागतात, बाहेरून कुमक येते. १ जुलै २०२४ पासून जुनी फौजदारी संहिता जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. जमाव पांगवण्याचं कलम १२९ आता १४८ झालं आहे, मंजुरीचं १३२ आता १५१. आकडे बदलले, पोलिसाने किती बळ वापरावं, ते नव्या कलमातही लिहिलेलं नाही, आणि लाठीची वही अजून कुठल्याच ठाण्यात ठेवत नाहीत.